बॅ. नाथ पैंचं विधेयक शोधायला बसलात तर: संसदेच्या डिजिटल ग्रंथालयाचं परीक्षण

विरोधी बाकांवरच्या खासदाराने पाच वर्षांत काय केलं हे सांगणारे दोन कागद लोकांच्या हाती पडतात. एक म्हणजे निवडणुकीच्या तोंडावर घरोघर येणारा गुळगुळीत कार्यअहवाल. दुसरा म्हणजे हजेरीची टक्केवारी आणि प्रश्नांची संख्या मांडणारा तक्ता. खासदार काय बोलला ते या दोन्हींत नसतं. ते मिळतं लोकसभा सचिवालयाच्या 'पार्लमेंट डिजिटल लायब्ररी'त, म्हणजे वापरणारे जिला ईपार्लिब म्हणतात तिथे. वाचायला पैसे लागत नाहीत, नोंदणी करावी लागत नाही. १९५२ पासूनचं लोकसभेचं कामकाज, संविधान सभेच्या चर्चा, त्याआधीच्या ब्रिटिशकालीन कायदेमंडळांची इतिवृत्तं, समित्यांचे अहवाल, अर्थसंकल्पी भाषणं असा सगळा माल एका छपराखाली आहे.

निकाल आधीच सांगायचा तर साहित्याला पाचपैकी पाच, शोधण्याच्या सोयीला अडीच. हे अडीच गुण कुठे कापले जातात ते कळावं म्हणून एकच काम हाती घेऊन पाहू: बॅ. नाथ पैंनी १९६७ मध्ये मांडलेलं घटनादुरुस्तीचं अशासकीय (म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याने आणलेलं) विधेयक मुळापासून शेवटापर्यंत वाचायचं.

चाचणीसाठी हे विधेयक उत्तम, कारण त्याच्या दोन्ही टोकांच्या तारखा पक्क्या आहेत. गोलकनाथ खटल्याचा निकाल २७ फेब्रुवारी १९६७ ला लागला. अकरा न्यायमूर्तींचं पीठ होतं, कौल सहा विरुद्ध पाच. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. त्यानंतर एकोणचाळिसाव्या दिवशी, ७ एप्रिलला, राजापूरचे प्रजा समाजवादी खासदार नाथ पै यांनी घटनादुरुस्तीची रीत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ मध्ये बदल सुचवणारं विधेयक मांडलं. घटनेतली कोणतीही तरतूद बदलण्याचा अधिकार संसदेला आहे हे त्यांना स्पष्ट शब्दांत लिहून हवं होतं. विरोधी बाकावरचा माणूस सरकारच्या हाती जास्त अधिकार जाईल असं विधेयक आणतो, ही गोष्टच मुळात चक्रावणारी. म्हणूनच त्याचा युक्तिवाद त्याच्याच तोंडून वाचायला हवा. सारांशात हा माणूस हटकून चुकीचा कळतो.

आता शोध. नावाने सुरुवात केलीत तर पहिली ठेच तिथेच लागते. सदस्यांची नावं आडनाव आधी, मग 'श्री' किंवा 'डॉ.', मग नाव अशी लावलेली असतात, आणि एकाच माणसाच्या नावाची दोन-तीन रूपं सापडू शकतात. 'नाथ पै' हे जोडनावच झाल्यामुळे इंग्रजी 'एन' आणि 'पी' अशा दोन्ही अक्षरांखाली पाहावं. मधू लिमये, मधू दंडवते यांच्या बाबतीत 'मधू'च्या इंग्रजी स्पेलिंगचा आणि 'प्रा.' या उपाधीचा घोळ धरून चालावा. नावावर शोधून मिळालेली यादी कधीच पूर्ण समजू नये.

तारखेने शोधणं जास्त खात्रीचं. जुन्या स्कॅन केलेल्या अंकांच्या फायलींना ठरावीक साच्यातली नावं आहेत: आधी 'एलएसडी' (लोकसभा डिबेट्स), मग कितवी लोकसभा, मग कितवं अधिवेशन, मग तारीख. ७ एप्रिल १९६७ चौथ्या लोकसभेच्या पहिल्या अधिवेशनात येते, म्हणून फाइल 'एलएसडी_०४_०१_०७-०४-१९६७'. हा साचा एकदा डोक्यात बसला की कुठल्याही दिवसाचा अंक हुडकायला दोन मिनिटं पुरतात. एका दिवसाचा अंक शंभर-दीडशे पानांचा सहज असतो आणि स्कॅन असल्यामुळे जड असतो. फोनवर उघडायच्या भानगडीत पडू नका. आधी उतरवून घ्या, मग संगणकावर वाचा.

अशासकीय विधेयकासाठी वाराची युक्ती कामी येते. खासगी सदस्यांचं काम शुक्रवारी असतं, बैठकीच्या शेवटच्या अडीच तासांत. ७ एप्रिल १९६७ हा शुक्रवारच होता. साधारणपणे एका शुक्रवारी विधेयकं आणि पुढच्या शुक्रवारी ठराव, असा क्रम चालतो. एका विधेयकावरची चर्चा अडीच तासांत संपली नाही की पुढे ढकलली जाते, आणि मध्ये अधिवेशन संपलं तर काही महिन्यांनी तिथूनच पुढे सुरू होते. त्यामुळे नाथ पैंचं विधेयक एका फाइलीत सापडत नाही, ते अनेक शुक्रवारांवर विखुरलेलं आहे. चौथ्या लोकसभेचं दिनदर्शक समोर ठेवून शुक्रवारांवर खुणा करायच्या आणि एकेक अंक उघडून अनुक्रमणिका पाहायची. दिसायला हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळे तुकडे असेच हाती येतात. शोधचौकटीत विधेयकाचं नाव टाकून बसणाऱ्याला त्यातले एक-दोनच मिळतात.

पानाच्या माथ्यावर एक गोंधळ ठरलेला. डावीकडच्या पानावर इंग्रजी तारीख, तर उजवीकडच्या पानावर 'चैत्र १७, १८८९ (शक)' अशी तारीख छापलेली दिसते. मराठी वाचकाचा हात लगेच पंचांगाकडे जातो, पण ही तिथी नाही. दिनदर्शिकेत 'भारतीय सौर' म्हणून जी छापतात ती ही. हिशेब सोपा आहे: चैत्र १ म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च, आणि शकात ७८ मिळवले की इसवी सन. (जानेवारी ते मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ७९ मिळवायचे.) जुन्या लेखांतल्या तळटिपांत कधी फक्त सौर तारीख असते, तेव्हा हा हिशेब वेळ वाचवतो.

पान कसं वाचायचं हे कळलं नाही तर अर्धा माल हातातून निसटतो. जुन्या अंकाचं पान दोन स्तंभांचं असतं आणि क्रमांक पानाला नसून स्तंभाला असतो. त्यामुळे संदर्भ देताना 'स्तंभ अमुक ते तमुक' असं लिहावं. पीडीएफचा पान क्रमांक दिलात तर दुसऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. सदस्य पहिल्यांदा बोलायला उभा राहिला की नावापुढे कंसात मतदारसंघ येतो, 'श्री नाथ पै (राजापूर)' असा. त्याच दिवशी पुन्हा बोलला की नुसतं नाव. भाषण पुढच्या पानावर गेलं की माथ्यावर चौकटी कंसात वक्त्याचं नाव पुन्हा छापतात. ते नवीन भाषण समजून दोनदा मोजू नका. मधूनमधून '१४.३० तास' अशी वेळ येते. दोन वेळांमधलं अंतर पाहिलं की कोणाला किती मिनिटं मिळाली याचा अंदाज बांधता येतो. पीठावर अध्यक्षांच्या जागी उपाध्यक्ष आले तर तेही वेळेसकट नोंदवलेलं असतं.

खुणा तर वेगळीच भाषा बोलतात. प्रश्नोत्तरांत नावावर अधिक चिन्ह असेल तर तो प्रश्न त्या सदस्याने सभागृहात प्रत्यक्ष विचारला. चिन्ह नसेल तर प्रश्न त्याच्या नावावर लागला होता एवढंच. प्रश्नांचे आकडे मिरवणाऱ्यांनी ही खूण एकदा तपासावी. तारका आणि खाली 'अध्यक्षांच्या आदेशाने वगळले' अशी तळटीप असेल तर शब्द बोलले गेले आणि नियम ३८० खाली मागाहून काढले गेले. 'नोंदवले नाही' असं असेल तर गोष्ट निराळी: अध्यक्षांनी परवानगीच नाकारली, आणि त्यानंतर बोललेलं काहीच नोंदीत घेतलं नाही. अलीकडच्या नोंदींत तारकेचा आणखी एक उपयोग दिसतो: भाषण पटलावर ठेवलं, म्हणजे लिहून दिलं, वाचलं नाही. छापील पानावर ते बोललेल्या भाषणासारखंच दिसतं. तळटीप न पाहता 'साहेब सभागृहात कडाडले' असं लिहिणाऱ्यांची इथे हमखास फजिती होते.

मंत्र्याने पटलावर ठेवलेल्या कागदापुढे 'ग्रंथालयात ठेवले, पाहा क्रमांक एलटी-' असा क्रमांक असतो. तो टिपून ठेवा. विरोधी सदस्य पुढे ज्या अहवालावर बोट ठेवून बोलतो तो अहवाल शोधायला हाच क्रमांक कामाला येतो.

आता भाषेचं दुखणं. इथेच सर्वात जास्त गुण जातात. जुने अंक मूळ रूपात छापलेले आहेत, म्हणजे इंग्रजी भाषण इंग्रजीत आणि हिंदी भाषण देवनागरीत. स्कॅनखाली मजकुराचा थर असतो, म्हणजे यंत्राने ओळखलेली अक्षरं; शोध त्यांतच घेतला जातो. इंग्रजीचा बरा, जुन्या खिळ्यांच्या देवनागरीचा फारच कच्चा. राममनोहर लोहिया १९६३ च्या पोटनिवडणुकीत फरुखाबादहून निवडून आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर पहिला अविश्वास प्रस्ताव आणला. त्या चर्चेत लोहियांनी हिशेब मांडला की देशातली सत्तावीस कोटी माणसं दिवसाला तीन आण्यांवर जगतात. सरकारी बाजूचा आकडा होता पंधरा आणे. राष्ट्रीय उत्पन्नाची सरासरी आणि गरिबाच्या ताटातला वाटा यांतला फरक सभागृहात इतक्या उघडपणे क्वचितच मांडला गेला असेल. पण हे भाषण हिंदीत. इंग्रजीत 'थ्री अ‍ॅनाज' शोधाल तर दुसऱ्यांनी दिलेली उत्तरं सापडतील, मूळ भाषण सापडणार नाही. देवनागरीत शोधायचं तर हिंदी रूप हवं, 'आने'; मराठी सवयीने 'आणे' टाकलंत की शोध कोरडाच परततो. आणि थर कच्चा असल्यामुळे 'आने'सुद्धा सापडेलच याची खात्री नाही. तारीख धरून पानं उलटणं हाच खात्रीचा मार्ग.

इंग्रजीतही एक गंमत आहे. दोन स्तंभांमुळे ओळी आखूड, म्हणून लांब शब्द मध्येच तुटतात आणि तुटलेला शब्द शोधयंत्राला दिसत नाही. 'गोलकनाथ' हे नाव कधी एका शब्दात, कधी 'गोलक नाथ' असं दोन शब्दांत लिहिलं जातं. म्हणून नुसतं 'गोलक' टाकावं. वाक्प्रचार शोधू नयेत. एकेकटा, आखूड, कमी वापरातला शब्द निवडावा.

मराठीतून केलेल्या भाषणाचं काय? सदस्याला आठव्या अनुसूचीतल्या भाषेत बोलता येतं, आधी सूचना द्यावी लागते म्हणजे दुभाषी बसवता येतो. नोंदीत मात्र बहुधा इंग्रजी अनुवाद आणि 'मूळ भाषण मराठीत' अशी तळटीप हाती लागते. शब्दांची धार पाहायची असेल तर अलीकडच्या भाषणांसाठी चित्रफीत गाठावी लागते. ग्रंथालयाचा चेहरा इंग्रजी-हिंदीच आहे, मराठी नाही.

एवढं सोसून हाती काय लागतं? पुन्हा नाथ पैंकडे. त्यांचं विधेयक मांडलं गेलं, चर्चेला आलं, दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, समितीचा अहवाल १९६८ मध्ये आला, पुन्हा सभागृहात गाडं अडलं. २७ डिसेंबर १९७० ला लोकसभा बरखास्त झाली आणि विधेयक व्यपगत झालं, म्हणजे आपोआप बाद. अठरा जानेवारी १९७१ ला नाथ पै गेले. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला चोविसावी घटनादुरुस्ती अमलात आली, आणि नाथ पैंच्या विधेयकाचा गाभा सरकारी शिक्क्यासह कायद्यात उतरला. पुढे २४ एप्रिल १९७३ ला केशवानंद भारती निकालाने दुरुस्तीचा अधिकार मान्य केला, पण घटनेच्या मूलभूत चौकटीला हात लावायचा नाही असं कुंपण घातलं. ही सगळी साखळी कायद्याच्या पुस्तकांत मिळते. पुस्तकांत न मिळणारी गोष्ट म्हणजे या विधेयकाला विरोधी बाकांवरूनच झालेला विरोध. आज ज्या बहुमतावर भरवसा ठेवून हा अधिकार देताय, उद्या तेच बहुमत उलटलं तर काय, हा प्रश्न या चर्चेच्या मुळाशीच आहे, आणि त्याला नाथ पै काय उत्तर देतात हे शुक्रवारांच्या त्या जीर्ण स्तंभांतच वाचावं लागतं. विरोधी सदस्याचं विधेयक पडलं किंवा बुडालं म्हणजे काम वाया गेलं, असं मानणाऱ्यांनी हा एक धागा शेवटपर्यंत धरून पाहावा. स्वातंत्र्यानंतर फक्त चौदा अशासकीय विधेयकांचे कायदे झाले, शेवटचा १९७० मध्ये. या मापाने मोजलं तर सगळे नापास.

साध्या सरकारी विधेयकावर विरोधी सदस्याने काय केलं हे पाहायचं असेल तर पहिल्या टप्प्यातल्या लांबलचक भाषणांवर वेळ घालवू नका. सरळ खंडवार विचारावर, म्हणजे एकेक कलम घेऊन होणाऱ्या चर्चेवर या. तिथे सदस्याने दिलेल्या सुधारणा क्रमांकासह छापलेल्या असतात: अमुक पान, अमुक ओळ, 'किंवा' ऐवजी 'आणि', 'करील' ऐवजी 'करू शकेल', नव्वदऐवजी तीस दिवस. कायदा येणारा सदस्य कोण आणि नुसता घसा साफ करणारा कोण, हे तिथे दहा मिनिटांत कळतं. सुधारणा नामंजूर होतात, तो भाग निराळा. मंत्री त्यावर जे उत्तर देतो ते मात्र नोंदीत कायमचं राहतं, आणि पुढे 'या कलमाचा हेतू काय होता' असा वाद निघाला की हेच उत्तर बाहेर काढलं जातं.

दुसरी दुर्लक्षित खाण म्हणजे अर्थसंकल्पी मागण्यांवरच्या कपात सूचना. त्या तीन प्रकारच्या: धोरणाला विरोध असेल तर मागणी एक रुपयावर आणा, काटकसर हवी असेल तर ठरावीक रकमेने कमी करा, आणि एखादं गाऱ्हाणं वेशीवर टांगायचं असेल तर १०० रुपयांनी कमी करा. हा शंभर रुपयांचा प्रकार सर्वात बोलका. जुन्या अंकांत त्यांच्या याद्याच्या याद्या छापल्या आहेत: सदस्याचं नाव आणि एका ओळीत विषय. मतदारसंघातलं बंदर, टपाल कचेरी, गिरणीतली कपात, रेल्वेची मागणी, सगळं त्यात. वेळ संपला की उरलेल्या मागण्या एकगठ्ठा मंजूर होतात आणि या विषयांवर चकार शब्द बोलला जात नाही. म्हणजे भाषणांच्या यादीत शून्य, आणि सदस्याने मात्र वीस विषय कागदावर आणलेले.

संयुक्त किंवा प्रवर (एकाच सभागृहाच्या) समितीच्या अहवालाच्या शेवटी जोडलेल्या भिन्नमतपत्रिका हा तिसरा साठा. समितीचं काम बंद दाराआड चालतं, त्यामुळे विरोधी सदस्याने आत काय मांडलं ते बाहेर समजायची ही जवळपास एकमेव जागा. वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकावरच्या संयुक्त समितीचा अहवाल डिसेंबर २०२१ मध्ये आला, तेव्हा अनेक विरोधी सदस्यांनी भिन्नमत जोडलं होतं. सरकारी यंत्रणांना दिलेली मोकळीक हा त्यातला मोठा मुद्दा. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेतलं गेलं आणि २०२३ मध्ये नवीन कायदा झाला. तिन्ही मजकूर शेजारी ठेवून त्या पत्रिका वाचल्या की कुठली हरकत मान्य झाली आणि कुठली गिळली गेली ते दिसतं. ग्रंथालयात समित्यांचे अहवाल चर्चांपासून वेगळ्या कप्प्यात आहेत, आणि चर्चेच्या पानावरून अहवालाकडे नेणारा दुवा नाही. तो तुम्हीच जोडायचा.

मतदानाची नोंद पाहताना जपून. आवाजी मतदान झालं तर कोण कुठे होता याचा मागमूस राहत नाही. मतविभागणी मागितली गेली तरच 'होय' आणि 'नाही'च्या याद्या नावांसह छापतात, आणि खाली बारीक अक्षरांत चुकून दुसरीकडे मत दिलेल्यांची तळटीप असते. ती वाचल्याशिवाय कोणालाही फितूर ठरवू नये. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आणली, तेव्हापासून या याद्या पक्षादेश सांगतात, माणूस सांगत नाहीत. त्याआधीच्या याद्यांत मात्र खरी रंगत आहे.

नोंदीत नसलेलं वाचायलाही शिकावं लागतं. राजापूरने १९७१ मध्ये मधू दंडवतेंना पाठवलं. जून १९७५ मध्ये ते पक्षांतरविरोधी विधेयकावरच्या संयुक्त समितीच्या कामासाठी बंगळूरला गेले होते आणि आणीबाणी लागताच तिथेच त्यांना पकडलं. त्यानंतरच्या अंकांत त्यांचं नाव शोधाल तर पोकळी दिसेल. २१ जुलै १९७५ ला सुरू झालेल्या अधिवेशनाच्या अंकांत प्रश्नोत्तरंच नाहीत. प्रश्नोत्तराचा तास आणि अशासकीय काम ठराव करून बाजूला ठेवलं होतं. अनुक्रमणिका उघडली की ते रिकामपण डोळ्यांत भरतं. मधू लिमयेंनी तर सभागृहाची मुदत वाढवण्याच्या निषेधार्थ १९७६ मध्ये तुरुंगातूनच राजीनामा दिला. त्याच वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संसदेचा दुरुस्तीचा अधिकार अमर्याद करू पाहणाऱ्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीवर चर्चा झाली. ज्या शंका नाथ पैंच्या विधेयकाच्या वेळी काढल्या गेल्या त्याच तेव्हा खऱ्या ठरत होत्या, आणि उत्तर द्यायला विरोधी बाकांवर मोजकेच उरले होते. कोणी यंत्राने संख्या काढली तर या दोघांचं त्या काळातलं काम शून्य भरेल.

यावरून पर्यायाकडे. पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च ही संस्था २००५ पासून काम करते आणि तिचा खासदारांचा तक्ता स्वच्छ, झटपट, फोनवरही नीट चालणारा आहे. हजेरी, चर्चा, प्रश्न, अशासकीय विधेयकं, आणि शेजारी राज्याची व देशाची सरासरी. आजच्या खासदारासाठी सुरुवात इथूनच करावी. पण तक्ता वाचायची रीत माहीत हवी. हजेरी म्हणजे नुसती आल्याची नोंद. नोंद करून गेलेला आणि दिवसभर बसलेला दोघं सारखेच. मंत्री आणि विरोधी पक्षनेता हजेरी नोंदवत नाहीत, म्हणून त्यांच्यापुढे आकडा नसतो. तो शून्य समजून फॉरवर्ड फिरवू नका. 'चर्चा' या आकड्यात तासाभराचं विधेयकावरचं भाषण आणि नियम ३७७ खाली मांडलेला तीन ओळींचा विषय यांचं वजन एकच. म्हणून एकूण आकडा सोडून यादी उघडा, प्रकाराच्या रकान्यात सरकारी विधेयकं, अर्थसंकल्प आणि नियम १९३ खालच्या अल्पकालीन चर्चा तेवढ्या वेगळ्या काढा. ऐंशीतून पंधरा उरतात. मग त्या पंधरा तारखा घेऊन ईपार्लिबवर जा.

राज्यसभेसाठी दुकान वेगळं आहे. तिच्या चर्चांचा संग्रह स्वतंत्र स्थळावर, शोधायची तऱ्हाही निराळी. एकच विधेयक दोन्ही सभागृहांत वाचायचं तर दोन ठिकाणी दोन पद्धतींनी खोदावं लागतं, आणि संयुक्त शोध नाही. एक-दोन दिवसांपूर्वीची चर्चा हवी असेल तर संसदेच्या मुख्य स्थळावर असंपादित मजकूर लवकर येतो, पण त्यावर 'असंपादित' असा शिक्का असतो आणि तो गांभीर्याने घ्यावा. सदस्यांना आपल्या भाषणातल्या नोंदीच्या चुका सुधारून द्यायची मुभा असते, पीठाने वगळलेले शब्दही मागाहून निघतात. लेखात अवतरण टाकणार असाल तर अंतिम प्रत येईपर्यंत थांबा, नाहीतर 'असंपादित' असं लिहून टाका.

उतरवलेल्या फायलींना लगेच स्वतःचं नाव द्या: तारीख, विषय, स्तंभ क्रमांक. 'एलएसडी_०४_०१' अशा चाळीस फायली एका फोल्डरमध्ये जमल्या की कुठल्या शुक्रवारी नाथ पै बोलले आणि कुठल्या शुक्रवारी गणपूर्तीअभावी सभागृह उठलं, हे पुन्हा पहिल्यापासून उघडून पाहावं लागतं.